पारवा आधी, जांभळा नंतर

पुस्तकाशी वाईट वागणाऱ्या माणसाला बाइंडरीण सरळ गुन्हेगार समजत असे. पान दुमडून ठेवणारा, बोटाला थुंकी लावून पान उलटणारा, पुस्तकावर चहाचा कप ठेवणारा, प्रत्येकासाठी तिच्याकडे वेगळी शिवी राखून ठेवलेली होती आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्या सगळ्या ऐकलेल्या होत्या. अशा बाईने स्वतःच्या जिवापाड जपलेल्या कादंबरीचे सुरीने सात तुकडे केलेले पाहून नवऱ्याने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

ताप नव्हता. झालं होतं असं की एका साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांमध्ये कुणा क्रेनवाल्याने एक कळकळीचं पत्र लिहिलं होतं. नदीकाठच्या दोन बहिणींवरची एक जाडजूड कादंबरी त्याने लहानपणी अर्धी वाचली होती, पुढची अर्धी कुणीतरी चुलीत घातली होती, आणि तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. कुणाकडे आहे का ती? बाइंडरिणीकडे होती. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली, घरात सगळे जिला ‘ठोकळा’ म्हणत अशी ती कादंबरी तिने इतक्या वेळा वाचली होती की मोजणं सोडून दिलं होतं. पुस्तक पुन्हा कधी छापलं गेलं नव्हतं. तिने साप्ताहिकाला उत्तर लिहिलं, ते छापून आलं, आणि क्रेनवाल्याच्या जोडीला आणखी दोघे जण पुढे सरसावले. एक दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. चौघे चार गावांचे, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही.

‘‘ठोकळा टपालात हरवला तर?’’ नवरा म्हणाला.

‘‘म्हणून तर तुकडे केले. हरवला तर एक हरवेल, सहा तरी राहतील.’’

‘‘अन् मधलाच हरवला तर?’’

‘‘तुझ्या तोंडात काही चांगलं येत नाही का रे कधी?’’

तर तिने ठोकळ्याची शिवण उसवली, फर्मे, म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, सुटे केले, सात भाग पाडले आणि प्रत्येकाला रंगीत कागदाचं कव्हर चढवून नीट टाके घातले. भागांवर आकडे घाल, असं नवरा तीनदा म्हणाला. ती म्हणाली, आकडे कॅलेंडरवर शोभतात, कादंबरीवर नाही. शाळेत सगळ्यांनी तानापिहिनिपाजा घोकलेलं आहे, इंद्रधनुष्य कुणी विसरत नाही. तांबडा पहिला, जांभळा शेवटचा, झालं काम. आणि आतल्या पानांवरचे आकडे? ते तर सासऱ्यांच्याच काळात गेले होते. कसर लागून पानांची खालची कड खराब झाली होती, तेव्हा त्यांनी ती यंत्रावर कापून साफ केली होती, आणि तिथेच खाली छापलेले आकडेही कचऱ्यात गेले होते. प्रकरणांनाही नुसती नावं, क्रमांक नाहीत. पण बाइंडरिणीला ठोकळा तोंडपाठ होता, तिला आकड्यांची गरज कधी पडलीच नव्हती. दुसऱ्या कुणाला पडेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

मग एकेक भाग निघाला. बाइंडरिणीकडून डॉक्टरांकडे, डॉक्टरांकडून बाईंकडे, बाईंकडून क्रेनवाल्याकडे, तिथून परत घरी. दोनच नियम. भाग वाचून झाला की बाइंडरिणीला एक पत्र लिहायचं, आणि ठोकळ्याबद्दल फोनवर अवाक्षर काढायचं नाही. फोनवर माणूस पुढचं सांगून बसतो, असं तिचं ठाम मत होतं.

पत्रांनी तिचे दिवस काय मजेत गेले म्हणून सांगू! डॉक्टर पेशंटला बधिर करायचं इंजेक्शन देऊन ते चढेपर्यंत वाचत. कादंबरी रंगात आली की पेशंट बिचारे सुन्न गालाने जरा जास्तच वेळ आ वासून पडून राहत. क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसून दोन खेपांच्या मधे एकेक पान वाचायचा आणि पत्रात वाऱ्याची तक्रार करायचा. गणिताच्या बाई मुद्दे पाडून लिहीत. मुद्दा एक, मुद्दा दोन, आणि शेवटी त्या भागाला शंभरपैकी गुण. तांबड्या भागाला त्यांनी बासष्ट दिले होते. मुद्दा पाच होता, ‘पानांना आकडे नाहीत, हा बेशिस्तपणा कुणाचा?’ बाइंडरीण ते वाचून खुदकन हसली होती आणि पत्र नवऱ्याला दाखवलं नव्हतं.

निळ्या भागानंतर बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकला होता. तेवढ्या काळात पारवा आणि जांभळा हे दोन्ही भाग त्यांच्या घरी येऊन पडले. मग बरेच दिवस काहीच नाही, आणि एके सकाळी बाइंडरीण खळ ढवळत असताना त्यांचं पत्र आलं. या पत्रात मुद्दे नव्हते. सुरुवातीला थोडं डोळ्यांबद्दल होतं: आता सगळं लख्ख दिसतं, पण जग जरा जास्तच निळं वाटतं, डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होईल सवय. पुढे मात्र अक्षरच बदललं होतं.

‘शेवट वाचून मी तासभर खुर्चीतून उठले नाही,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘धाकटी भांडून निघून जाते तिथे मला वाटलं, संपलं. आणि मग शेवटच्या भागात ती परत येते! थोरली दार उघडते, एक शब्द बोलत नाही, आत जाऊन दुसरं ताट मांडते, आणि पुस्तक तिथेच थांबतं. शंभरपैकी शंभर. तुम्हाला माहीत नसेल, मलाही एक धाकटी बहीण आहे. आईला शेवटी माझ्याकडे राहायचं नव्हतं, तिच्याकडे राहायचं होतं. ते माझ्या मनाला इतकं लागलं की आई गेल्यावर मी त्या घराची पायरी चढले नाही. दहा-अकरा वर्षं झाली. माझ्या वर्गात एक पायरी चुकली की मी अख्खं गणित चूक धरायची, तसंच केलं मी तिच्या बाबतीत. पण ताट मांडता येतं, हे मला ठोकळ्याने दाखवलं. शनिवारच्या बसचं तिकीट काढलं आहे. तिला कळवलेलं नाही.’

बाइंडरिणीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. ताट सहाव्या भागात मांडलं जातं. पारव्यात! सातव्यात, जांभळ्यात, दोघी बहिणी बापाच्या होडीवरून पुन्हा भांडतात, धाकटी भल्या पहाटे निघून जाते आणि पुन्हा कधी येत नाही. तिथे संपतो ठोकळा. बाईंनी नव्या डोळ्यांनी आधी जांभळा उचलला होता आणि मग पारवा. नव्या डोळ्यांना काय, दोन्ही निळेच.

‘‘मी म्हणालो होतो...’’ नवऱ्याने सुरुवात केली.

‘‘एक शब्द बोललास तर ही खळ डोक्यावर ओतीन.’’

नवऱ्याने पत्र वाचलं, कान खाजवला आणि म्हणाला, ‘‘अगं, पण बिघडलं काय? चुकून का होईना, जातायत ना बहिणीकडे? जाऊ दे की. ठोकळा शिवताना तूही तसाच शिव, उलटा. कुणाला कळतंय?’’

उलटा शिवायचा! फर्मे उलटे लागणं म्हणजे बाइंडरच्या तोंडाला काळं. सासऱ्यांनी अशा एका चुकीसाठी एका कारागिराला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवलं होतं. तरी खरं सांगायचं तर क्षणभर तिलाही मोह झाला. आणि मग तिला क्रेनवाला आठवला. बाईंनी दोन्ही भाग वाचून पुढे त्याच्याकडेच पाठवले असणार. त्याचे डोळे धडधाकट. तो पारवा आधी वाचणार, जांभळा नंतर, आणि वाचून झालं की गडी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. गेल्या खेपेपासून तो आणि बाई एकमेकांनाही पत्रं लिहायला लागले होते.

नियम गेला खड्ड्यात, म्हणत तिने क्रेनवाल्याच्या कामावर फोन लावला. फोन मुकादमाने उचलला.

‘‘तो वर आहे. खाली यायला वेळ लागतो. निरोप असेल तर सांगा, वॉकीटॉकीवरून सांगतो.’’

‘‘त्याला सांगा, धाकटी शेवटी निघून गेली हे बाईंना अजिबात कळवू नकोस.’’

मग मुकादमाचा आवाज एकदम हळवा झाला. ‘‘अरेरे. कधी गेली?’’

‘‘पहाटे.’’

‘‘आणि बाईंना, म्हणजे आईला, माहीतच नाही?’’

बाइंडरीण समजावून सांगणार तेवढ्यात मुकादमाने वॉकीटॉकीचं बटण दाबलं होतं आणि सगळ्या साइटला ऐकू जाईल अशा आवाजात दुःखद बातमी सुरू केली होती. काम थांबलं. टोप्या निघाल्या. क्रेनवाला घाईघाईने शिडी उतरायला लागला आणि अर्ध्या शिडीत त्याच्या लक्षात आलं की आपल्याला धाकटी बहीणच नाही. उरलेली शिडी तो मुकादमाला काय काय बोलत उतरला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

‘‘पत्र?’’ फोनवर येऊन धापा टाकत तो म्हणाला. ‘‘टाकलं की ताई. आज सकाळीच. चांगलं चार पानी लिहिलंय. तुम्हाला सांगतो, धाकटी जाते तिथे मी वर केबिनमध्ये ढसाढसा रडलो, खालचे लोक म्हणायला लागले क्रेन हलतेय. का? काय झालं?’’

तिने काय झालं ते सांगितलं. मग तो म्हणाला, ‘‘मी पेटीपाशी जाऊन उभा राहतो. पोस्टमन आला की पाया पडतो.’’ तो खरंच जाऊन उभा राहिला, खरंच पाया पडला, आणि पोस्टमनने त्याला सांगितलं की पेटीत पडलेलं पत्र आता ज्याच्या नावाचं त्याचं. तासाभराने त्याचा पडलेल्या आवाजात फोन आला.

म्हणजे शनिवारच्या आत बाईंच्या हातात ते पत्र पडणार होतं, आणि बाईंना कळणार होतं की आपण उत्तर आधी वाचलं आणि गणित नंतर. फसवलं गेल्यासारखं वाटेल त्यांना. त्या तिकीट परत करतील, आणि पुढची दहा वर्षं पुन्हा तशीच. बाइंडरीण दुकानात येरझारा घालायला लागली. तिला मनापासून वाईट वाटत होतं, आणि स्वतःचा रागही येत होता. सात आकडे घालायला असा किती वेळ लागला असता? शेवटी तिने ठरवलं की परक्या माणसाच्या पत्रातून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. नवरा नको नको म्हणत असताना तिने फोन लावला.

‘‘बाई, मी बाइंडरीण. फोन करायचा नाही हा माझाच नियम आहे, माहीत आहे मला. पण तुम्ही जांभळा आधी वाचलात. पारवा सहावा आहे.’’

बाई बहुधा मनातल्या मनात इंद्रधनुष्य म्हणत असाव्यात.

‘‘म्हणजे ती परत येते,’’ बाई सावकाश म्हणाल्या, ‘‘आणि मग जाते.’’

‘‘हो.’’

‘‘कायमची?’’

‘‘हो बाई.’’

‘‘ठीक आहे. कळवलंत ते बरं केलंत. तिकीट परत घेतात का ते बघते.’’ वर्गात कुणाला तरी खाली बसायला सांगावं असा कोरडा आवाज होता तो.

‘‘अहो थांबा, ठेवू नका!’’ बाइंडरीण ओरडली. पुढे काय बोलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. ‘‘बाई, मी ठोकळा कितीदा वाचला असेल देव जाणे. दर वेळी जांभळा हातात घेतला की मला थोरलीचा राग येतो. धाकटी होडीत बसते, होडी निघते, आणि ही बया काठावर उभी. नुसती उभी! अहो, एक हाक मार ना! नदी काही समुद्राएवढी नाही, ऐकू गेली असती. दर वेळी वाटतं आता मारेल, आता मारेल, आणि पान संपतं. लेखकाने तिला हाक मारूच दिली नाही, त्याला मी काय करू? मी पानं शिवते, लिहीत नाही. पण तुम्हाला कुणी लिहिलंय का? तुम्ही तर चांगल्या हिंडत्याफिरत्या आहात!’’

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण एका निवृत्त शिक्षिकेवर ओरडलो. नवरा तोंडावर हात ठेवून उभा होता. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढचे दोन दिवस बाइंडरिणीचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा पुठ्ठा तिने उलटा लावला, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच, आणि नवऱ्याने शहाण्यासारखं ते न पाहिल्यासारखं केलं. शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला.

‘‘माझी बस उद्या तुमच्या गावावरून जाते,’’ बाईंचा आवाज. ‘‘क्रेनवाल्याचं पत्र आलं. व्याकरण वाईट आहे, पण माणूस चांगला आहे. चूक तुमच्या रंगांची, तेव्हा सोबत तुम्ही यायचं. स्टँडवर उभ्या राहा. मी निळा कोट घातलेला असेल. निदान मला तरी तो निळा दिसतो.’’

कोट हिरवा होता. बाइंडरिणीने तरीही बाईंना लगेच ओळखलं, कारण बसच्या खिडकीतून त्या सगळ्या स्टँडची हजेरी घेतल्यासारख्या बघत होत्या. उंच, सडसडीत, मांडीवर बॅग घट्ट धरलेली. बाइंडरीण शेजारी बसली तशी त्या म्हणाल्या, ‘‘तू एवढी लहान असशील असं वाटलं नव्हतं. फोनवर तुझा आवाज चांगला सासूसारखा लागतो.’’ आणि मग तासभर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. एकदाच, बस पुलावरून जाताना, त्यांनी विचारलं, ‘‘तिने हाकलून दिलं तर?’’

‘‘तर आपण परत येऊ. माझ्याकडे जेवा.’’

‘‘एवढं सोपं?’’

‘‘सोपं नाही बाई. मला तर आत्ताच धडधडतंय, आणि ती माझी कुणी लागतही नाही.’’

बाई हसल्या. पहिल्यांदाच.

बहिणीचं घर एका अरुंद रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. समोर शिंप्याचं दुकान, बाजूला सायकली टेकवलेल्या. इमारतीचं खालचं दार जाडजूड आणि बंद, शेजारी भिंतीत बटणांची पितळी पाटी. बटण दाबायचं, मग वरून जाळीतून ‘कोण?’ असा आवाज येतो, नाव सांगितलं की वरचा माणूस दार उघडतो, अशी सोय. बाईंनी पाटीवर बहिणीचं नाव शोधलं, बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं. दाबेनात.

‘‘दाबा ना,’’ बाइंडरीण म्हणाली.

‘‘ती ‘कोण’ म्हणून विचारेल.’’

‘‘मग सांगायचं कोण ते.’’

‘‘काय सांगू?’’ एवढी मोठी बाई, भरल्या वर्गांना एका नजरेत गप्प करणारी, आणि तिला स्वतःचं नाव सुचेना. ‘‘दहा वर्षांनी भिंतीतल्या जाळीला काय सांगू मी, कोण आहे ते?’’

बाइंडरिणीला वाटलं, आता या मागे फिरणार. बाईंनी बोट काढलं, बॅग तिच्या हातात दिली आणि खरंच मागे फिरल्या. चार पावलं रस्त्यात गेल्या. तिथे थांबून त्यांनी मान वर केली, तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीकडे पाहिलं, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावं अशा मास्तरिणीच्या आवाजात, भर रस्त्यात, भर दुपारी हाक मारली.

‘‘ए भिंगरीऽऽ!’’

शिंप्याचं यंत्र थांबलं. दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ बाल्कनीत आले. सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकून उभा राहिला. ‘भिंगरी’ म्हणावी अशी लहान मुलगी त्या रस्त्यावर कुठेच नव्हती, तेव्हा ही कुणाला हाक मारतेय ते सगळेच शोधायला लागले. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मात्र बंदच. बाईंनी छातीत श्वास भरून घेतला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याची काही पर्वा नव्हती.

‘‘भिंगरेऽऽ! अगं मी आलेय!’’

खिडकी उघडली. पांढऱ्या केसांची, गोल चेहऱ्याची, हाताला पीठ लागलेली एक बाई बाहेर वाकली. खाली पाहिलं. पिठाचा हात डोळ्यांवर आडवा धरून तिने पुन्हा पाहिलं. बाइंडरिणीने बॅग छातीशी आवळून धरली होती.

‘‘ताई,’’ वरून आवाज आला, आणि तोही काही कमी खणखणीत नव्हता, ‘‘ओरडतेस काय अशी रस्त्यात? त्या दाराचं कुलूप कधीचं मोडलंय. उघडंच असतं ते. ढकल की!’’

बाईंनी दार ढकललं. ते उघडंच होतं. त्या आत शिरल्या आणि या वयात कुणी चढू नयेत इतक्या वेगाने पायऱ्या चढायला लागल्या, मागे वळूनही न बघता. बॅग बाइंडरिणीच्या हातातच राहिली होती. तिने डोळे पुसले, शिंप्याला ‘‘काही नाही, बहिणी आहेत’’ असं सांगितलं, आणि बॅग घेऊन त्यांच्या मागे जिना चढायला लागली.